टँकरवरची लिंबं

लिंबं वाळवायला रय्याला कुणी शिकवलं नव्हतं. लोकांना टाळता टाळता ती शिकली.

तिचा नवरा म्हणजे सख्ख्या चुलत्याचा मुलगा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो कामासाठी कुवेतला गेला, तिकडेच दुसरी केली आणि गावाकडे येणाऱ्या एका माणसाबरोबर तलाकचा निरोप धाडला. रय्या डोंगरातल्या रुस्ताक गावी बापाच्या घरी परत आली तेव्हा पुरती वीस वर्षांचीही नव्हती. मग रोज सकाळी शेजारपाजारच्या बायका कहवा प्यायला येऊन बसायच्या. कप रिकामे व्हायचे, खजुराच्या बिया ताटलीत जमायच्या, पण त्यांची कीव काही संपायची नाही. "बिचारी." "मूल नाही ते एक बरंच झालं म्हणायचं." "अजून वय गेलेलं नाही हो." रय्या मान खाली घालून ऐकायची आणि मनातल्या मनात एकेकीला जिन्यावरून ढकलून द्यायची.

घरात एकच जागा अशी होती जिथे उन्हाळ्यात चिटपाखरू फिरकत नसे, ती म्हणजे गच्ची. बागेतली पिकून पिवळी झालेली, झाडाखाली पडलेली लिंबं तिने एक दिवस टोपलीत भरली, मिठाच्या पाण्यात उकळली आणि वर नेऊन चटईवर पसरली. आई असं करायची एवढं तिला आठवत होतं. नीट कसं करायची ते विचारायला आई राहिली नव्हती. पहिल्या वर्षी लिंबं उकळून फुटली. दुसऱ्या वर्षी कमी उकळली म्हणून आतून सडली. पण बायका आल्या की "माझी लिंबं हलवायची राहिलीयेत" म्हणून उठता यायचं, आणि ते कारण इतकं चोख होतं की तिला उठू नकोस म्हणायची कुणाची टाप नव्हती. जिन्याच्या तोंडाशी हातभर सावली असायची. तिथे ती बसून राहायची. समोर डोंगर, खाली खजुरांची बाग, आणि मध्ये चटईवर तिची लिंबं: आधी पिवळी, मग मातकट, मग तपकिरी, आणि शेवटी काळी, टणक, हातात घेतली तर वजनच नाही अशी. कानाशी हलवली की आतल्या बिया वाजायच्या. तेवढं वाजलं की रय्याला बरं वाटायचं.

असं करता करता तिची पन्नाशी उलटली.

बाप गेला. धाकटा भाऊ मुहन्ना याने गावाबाहेर उंचावर सिमेंटचं नवं घर बांधलं आणि बहिणीला सोबत नेलं. मुहन्ना भला माणूस, पण गप्प. त्याची बायको गालिया त्याच्या वाटणीचंही बोलायची. घरात मुलगे, सुना, आणि अजून लग्न व्हायची असलेली असीला नावाची मुलगी. रय्याला कुणी वाईट वागवलं असं कधीच झालं नाही. तिची खोली होती, तिचं ताट होतं, ईदला तिला नवे कपडे मिळायचे. फक्त वर्षाकाठी डबे भरायची वेळ आली की गालिया नातेवाइकांना म्हणायची, "घ्या, आमच्या घरची लूमी. बाजारात अशी मिळायची नाही." सुक्या लिंबांना तिकडे लूमी म्हणतात. आणि त्या "आमच्या घरची" या शब्दात रय्या कुठेतरी दिसेनाशी व्हायची. तिला ते कळायचं. ती बोलायची नाही एवढंच.

नव्या घराची एक अडचण होती. डोंगरातून येणारा पाट खालच्या बागांना पाणी द्यायचा, वर चढायचा नाही. आणि नळ तर तेव्हा अजून कागदावरही आला नव्हता. म्हणून आठवड्यातून दोनदा निळा टँकर यायचा आणि गच्चीवरची टाकी भरून जायचा. टँकर कुठलाही असो, चालवणारा वर यायचा, पाइप टाकीत सोडायचा आणि निघून जायचा.

त्या उन्हाळ्यात टँकरवाला बदलला. नवा माणूस किनाऱ्यावरच्या सुवैकचा. खल्फान त्याचं नाव. पोट सुटलेलं, दाढीत पांढरं जास्त आणि काळं कमी, आणि बोलणं इतकं सावकाश की ऐकणाऱ्याला मध्येच एखादं काम उरकून यावंसं वाटावं. तिकडे समुद्राजवळच्या विहिरी खारट होत चालल्या होत्या. हा रोज सकाळी रिकामा टँकर घेऊन वर यायचा, रुस्ताकच्या गोड्या विहिरीवर भरायचा, वाटेतल्या उंचावरच्या घरांना पाणी द्यायचा आणि उरलेलं खाली घेऊन जायचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. खाली पंप सुरू झाला आणि वर खल्फानच्या हातातून पाइप निसटला. पाणी उसळलं ते थेट चटईवर. आदल्या दिवशीच उकळून पसरलेली लिंबं तरंगायला लागली. काही पन्हाळीतून खाली रस्त्यावर पडली आणि उतारावरून घरंगळत गेली.

रय्या जिन्याच्या तोंडाशी बसली होती. ओढणी सावरत ती ताडकन उठली.

"अहो टँकरवाले! टाकी तिकडे आहे! माझी लिंबं कालच न्हाली, त्यांना रोज अंघोळ लागत नाही!"

खल्फानने पाइप कसाबसा टाकीत कोंबला, वळला, आणि चटईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाइप उसळला, बाई. पण पाइपाने माफी मागून काय उपयोग? मीच मागतो."

रय्याच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, ते तिथेच अडलं. आपली माफी कुणी शेवटची कधी मागितली होती, हे तिला आठवेना.

तेवढ्यात या माणसाने डोक्याचा रुमाल सोडला, उकिडवा बसला आणि एकेक लिंबू उचलून पुसायला लागला.

"पुसू नका," रय्या म्हणाली, पण आवाज आता खाली आला होता. "असं एकेक पुसत बसलात तर पाणी कधी वाटणार?"

"मग कसं करू?"

"पाणी निथळू द्या. बाकीचं ऊन बघून घेईल."

खालून मुहन्नाने विचारलं, "वर काय चाललंय?"

"काही नाही," खल्फान जिन्यातून ओरडला, "मी लिंबं भिजवली आणि बोलणी खाल्ली!"

माजघरात असीला ओढणी तोंडात धरून हसली. त्या घरात रय्याआत्या कुणाला बोलली, ही बातमीच होती.

जाताना खल्फानने मूठभर जुनी लूमी मागितली. आईला पोटात वारा धरायचा, लूमीचं गरम पाणी प्यायली की बरं वाटायचं. रय्याने मूठभर नव्हे, फडकं भरून दिली.

पुढच्या खेपेला पाइप नीट टाकीत सोडून झाल्यावर तो घुटमळला. "आईने निरोप दिलाय," तो म्हणाला. "जसाच्या तसा सांग म्हणालीय."

"सांगा की."

"ती म्हणाली, त्या बाईला विचार, तुमच्याकडे मीठ सोन्याच्या भावाने मिळतं का?"

रय्याचे कान तापले. इतकी वर्षं रुस्ताकच्या अर्ध्या गावाने तिची लूमी खाल्ली, कुणी चकार शब्द काढला नव्हता. "त्यांना म्हणावं, मीठ बेताचं असलं तरच लिंबाची चव कळते. ज्यांच्या विहिरीतच मीठ, त्यांना आमचं अळणीच लागायचं."

"हे असंच सांगू?"

"अस्संच."

खल्फानने ते असंच सांगितलं. त्या माणसाला निरोपात साखर घालता यायची नाही. आणि त्याच्या पुढच्या खेपेला उत्तर आलं: "आई म्हणाली, आमच्या विहिरीत मीठ असेल, पण जिभेवर नाही. तुमचं उलटं दिसतंय."

मग हे चालूच राहिलं. रय्याने जास्त मिठाचा एक घाणा वेगळा काढून पाठवला. म्हातारीने कळवलं, आता समुद्रच उचलून पाठवलास की काय. रय्याने कळवलं, एकदा काय ते ठरवा. म्हातारीने सुकवलेल्या तारल्यांची पिशवी पाठवली आणि कळवलं, हे खा म्हणजे मीठ कशाला म्हणतात ते समजेल. टँकर यायच्या दिवशी रय्या सकाळपासून उत्तरं जुळवायची. केस विंचरून घ्यायची. गच्चीवर जायच्या आधी ओढणी बदलायची. हे तिच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी असीलाच्या लक्षात आलं.

"आत्या, म्हातारीशी भांडायला इतकी अत्तरं लागतात?"

"गप बस. लिंबांचा वास हाताला लागतो, तो घालवायला लावते."

"लिंबांचा वास घालवायला? अत्तर?" असीला म्हणाली आणि पळाली.

खल्फानची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुली मस्कतला सासरी. घरात तो आणि आई. हे सगळं त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं, टाकी भरेपर्यंत जेवढं सांगून होईल तेवढंच. आणि तो इतका सावकाश बोलायचा की एवढं सांगायलाही उन्हाळा सरला, हिवाळा आला.

हिवाळ्यातल्या एका सकाळी टँकर आला तो दाराशी थांबून भोंगे वाजवत राहिला. मुहन्ना बाहेर आला. खल्फान टँकरच्या पुढच्या दारातून एका बाईला उतरवून घेत होता, म्हणजे जवळजवळ उचलूनच घेत होता. काडीसारखी म्हातारी, नाकावर ताठ उभा राहणारा किनाऱ्याकडच्या बायका घालतात तो जुन्या चालीचा मुखवटा, आणि हातात काठी. पाय जमिनीला लागताच तिने पहिला प्रश्न केला, "मिठाची कंजूस ती कुठाय?"

तिला बायकांच्या बैठकीत नेलं. हलवा आला, खजूर आले. रय्या कहव्याचं भांडं घेऊन आली. म्हातारीने कप घेतला, एक घोट प्यायली, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "मी माझ्या मुलासाठी मागणी घालायला आलेय. पण खरं सांगायचं तर स्वतःसाठीच आलेय. घरात भांडायला कुणी नाही. खल्फान तर मी काहीही म्हटलं की हो म्हणतो. अशाने माणूस लवकर मरतं."

गालियाच्या हातात हलव्याची ताटली होती ती तशीच राहिली.

"पण... या वयात?" गालिया म्हणाली. "म्हणजे, आमची काही हरकत नाही, पण रय्याताईंना इथे काय कमी आहे? आणि लूमीचं काय? इतक्या घरांना दर वर्षी लूमी जाते, ती कोण..."

वाक्य तिथेच थांबलं. तिचं तिलाच कळलं. पण बोललेलं गेलेलं होतं.

म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे बाई नसली तरी चालेल, लिंबं हवीत. असं?"

"तसं नाही हो!"

रय्याला नवीन काहीच कळलं नव्हतं. फक्त इतकी वर्षं जे मनात ऐकू यायचं ते आज बैठकीत सगळ्यांसमोर ऐकू आलं. तिने भांडं खाली ठेवलं आणि उठली. जाता जाता असीलाने तिचा हात धरला. "आत्या, तू जा. लूमी मी करेन."

"तुला चहा तरी करता येतो का?" गालियाने बसल्या जागेवरून म्हटलं, आणि त्या अवघडलेल्या बैठकीतही म्हातारी खुदकन हसली.

भावाच्या संमतीशिवाय लग्न लागणार नव्हतं. मुहन्नाने म्हातारीला मानाने जेवू घातलं, निरोप दिला, आणि उत्तर काहीच दिलं नाही. चार दिवस तो घरात वावरला तो एखाद्या बंद दारासारखा. रय्यानेही विचारलं नाही. पाचव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तो धापा टाकत गच्चीवर आला. घर बांधल्यापासून तो बहुधा पहिल्यांदाच वर आला असेल. त्याने कठड्याला टेकून खाली बघितलं, टाकीवर हात ठेवला, मग बहिणीशेजारी सावलीत बसला.

"माणूस चांगला आहे," तो म्हणाला. "मी सुवैकमध्ये चौकशी केली."

"मग?"

"मग काही नाही."

"मुहन्नू, लोक हसतील म्हणून अडलायस का?"

"लोक मरू देत." त्याने चटईकडे पाहिलं. "तू गेलीस की मला मुहन्नू म्हणणारं कुणी उरणार नाही. बाकी सगळ्यांचा मी बाप आहे, सासरा आहे, नवरा आहे. तुझ्यापुढे तेवढा मी..." त्याने चटईवर मागे राहिलेलं एक काळं लिंबू उचललं आणि उगीच हातात फिरवत बसला.

रय्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी तो पाटात पडून भेदरला होता तेव्हाही तिने असाच हात ठेवला होता. "मी कुवेतला चाललेय का?" ती म्हणाली. "सुवैकला चाललेय. टँकर रोज रुस्ताकला येतो. हाक मार, येते."

लग्न साधंच झालं. मुहन्नाचे मुलगे थोडे लाजले, सुनांनी हौसेने तिच्या हातांवर मेंदी काढली, आणि असीलाने टँकरच्या आरशाला लाल फीत बांधली. रय्या सासरी गेली ती टँकरच्या पुढच्या सीटवर, मांडीवर मिठाचं पोतं घेऊन. रुस्ताकचंच मीठ, म्हणाली. खारट गावचं तिला नको होतं.

सासूशी तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, म्हणजे दोघी पहिल्या दिवसापासून भांडायला लागल्या. सुरमईच्या कालवणात लूमी आधी फोडून घालायची की अख्खी, यावर एक आठवडा गेला. कहव्यात वेलदोडा किती, यावर दुसरा. खल्फान दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि दोघींना हो म्हणायचा. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद असायचा की शेजारी विचारायचे, बाबा, तुला काही सापडलं की काय.

उन्हाळा आला. रय्याने खल्फानकरवी माहेरच्या बागेतून लिंबं आणवली, नेहमीसारखी उकळली आणि सुवैकच्या घराच्या गच्चीवर पसरली. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली तर चटई ओली. पाऊस नाही, टाकी फुटलेली नाही, तरी लिंबांच्या अंगावर दव होतं. तिने पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऊन इथेही होतं, पण हवाच ओली होती. धुतलेला फडका संध्याकाळपर्यंत दमटच राहायचा. आठवड्याभरात लिंबांवर हिरवी-करडी लव चढली. तिने ती फडक्याने घासली, पुन्हा मीठ लावलं, पुन्हा पसरली. लव पुन्हा आली. शेवटी आंबूस वास सुटला तेव्हा तिने सगळी लिंबं शेळ्यांपुढे ओतली. शेळ्यांनी हुंगली आणि तोंड फिरवलं.

दुसरा घाणाही तसाच गेला.

यानंतर रय्या गच्चीवर गेली नाही. स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, सासूचे पाय चेपायची, आणि गप्प असायची. या वयात लोकांच्या समोर नवखं ठरणं किती बोचतं हे तिला कुणाला सांगता येईना. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिला येत होती, आणि तीही डोंगरापलीकडे राहून गेली होती. तिकडे रुस्ताकला घरोघरी डबे रिकामे होत आले असतील. गालिया म्हणत असेल, बघा, मी सांगितलं नव्हतं?

सगळ्यात वाईट म्हणजे सासू तिला टोमणे मारेनाशी झाली. त्याने रय्या घाबरली.

एका संध्याकाळी ती विहिरीवरून येत असताना ओसरीवर सासूचा आवाज ऐकू आला. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून तिचं कुजबुजणंही अंगणभर पोचायचं. "महिनाभर तिला माहेरी सोडून ये, खल्फान. इथे नाही जमायचं."

खल्फान म्हणाला, "हो."

रय्या घरात गेली. कपडे बांधायला तिला वेळ लागला नाही. एकदा माहेरी पाठवलेल्या बाईला बोचकं कसं बांधायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी खल्फान टँकर सुरू करायला निघाला तेव्हा ती बोचकं घेऊन दाराशी उभी होती.

"हे काय?"

"तुम्ही सोडणार ना मला माहेरी."

खल्फानने बोचक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात गोष्टी सावकाशच चढायच्या. पण ही चढली तेव्हा त्याने टँकरची किल्ली खिशात टाकली आणि मटकन पायरीवर बसला.

"आईला वाटलं, तू तिकडे जाऊन लिंबं वाळवून आणशील. म्हणजे तुझं मन रमेल. मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणतो, तुला माहीत नाही का?" तो म्हणाला. "ठेव ते आत. मला नाही पाठवायचं तुला कुठे."

"आणि लिंबं?"

तो विचारात पडला. अंगणात टँकर उभा होता. वर गच्चीसारखी लांब, सपाट पाठ, कडेने लोखंडी गज. ऊन नुकतंच त्याच्यावर चढत होतं. खल्फान त्याच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"लिंबांना पाठवू," तो म्हणाला. "मी रोज जातोच की वर. तू राहा. लिंबं जातील आणि येतील."

रय्या हसली, मग रडली, मग ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "टँकरवाले, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नसेल. पण टँकर आहे."

त्याने टँकरच्या पाठीवर जुन्या पाइपांची चौकट बसवून घेतली. त्यात चटया, त्यावर लिंबं, आणि सगळ्यावर ताणून बांधलेली मच्छरदाणी. सकाळी समुद्राची ओल अंगावर घेऊन लिंबं निघायची, दुपारी डोंगरातल्या कोरड्या वाऱ्यात भाजायची, संध्याकाळी परत येऊन घरात, पंख्याखाली झोपायची. रस्त्यावरचे लोक ओरडायचे, "खल्फान, पाणी विकतोस की लोणचं?" आणि तो हात हलवून म्हणायचा, "बायकोचं सामान आहे!" खड्डा आला की तो टँकर इतका हळू करायचा की मागच्या गाड्या भोंगे वाजवून वाजवून थकायच्या. रुस्ताकच्या विहिरीवर टँकर भरेपर्यंत तो वर चढायचा आणि एकेक लिंबू उलटं करायचा, रय्याने सांगितलं होतं तसं. तिथले टँकरवाले आधी हसले. मग त्यातल्या दोघांनी आपापल्या बायकांना विचारलं, आपणही करूया का.

आठवडे गेले, आणि लिंबं काळी झाली. पहिलं लिंबू सासूने मागून घेतलं, फोडलं, बिया काढून टाकल्या, साल चघळली. दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, म्हणजे रय्या आणि शेजारीण.

"धूळ लागते," म्हातारी म्हणाली.

"धुतलंय मी."

"मग डिझेल लागतं."

"काहीही काय!"

"लागतं," म्हातारी समाधानाने म्हणाली आणि दुसरं मागितलं. घरात पुन्हा भांडण सुरू झालं होतं.

डबे भरून झाले तेव्हा खल्फान म्हणाला, उद्या जाताना देतो सगळ्यांकडे. रय्या म्हणाली, "नाही. मी येते." दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसून रुस्ताकला गेली आणि नातेवाइकांच्या घरोघरी स्वतः उतरली. इतक्या वर्षांत नातेवाइकांपैकी कुणालाही तिने आपली लूमी स्वतःच्या हाताने दिली नव्हती. लोकांनी डबा घेतला, उघडला, वास घेतला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "माशाअल्ला, रय्या." डब्याकडे नाही, तिच्याकडे बघून. हे तिला फार लागलं, पण चांगल्या अर्थाने.

शेवटचं घर भावाचं. गालियाने डबा दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले..."

"कधीचं काय घेऊन बसलीस," रय्या म्हणाली. "मुहन्नू कुठाय?"

मुहन्ना बागेतून धावत आला. हो, धावत. सुनांनी आपला सासरा धावताना पहिल्यांदा पाहिला.

असीलाने त्या वर्षी गच्चीवर स्वतःचा एक घाणा केला होता. अर्धी लिंबं फुटली होती, उरलेल्यांतली बरीच अळणी होती. रय्याने ती सगळी चाखली, एकही फेकू दिली नाही आणि जाताना मूठभर सोबत नेली. सासूला दाखवायला, म्हणाली. म्हातारीला नवीन माणूस मिळालं भांडायला, तर तिचं अजून एक वर्ष वाढेल.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटच्या आजारपणात रय्याने तिला हाताने भरवलं, आणि ती गेली तेव्हा खल्फानपेक्षा रय्याच जास्त रडली. मग एक दिवस नळ आला. आधी सुवैकला, मग रुस्ताकच्या उंचावरही. टँकरचं काम उरलं नाही. विकताना खल्फानने त्याच्या बोनेटवर हात फिरवला, काहीतरी पुटपुटला, आणि घरी येऊन दिवसभर झोपला.

आता दोघं थकलीत. खजूर पिकायला लागले की सुवैकचं घर बंद करून ती वर रुस्ताकला येतात. मुहन्नाच्या बागेत कडेला एक झोपडी आहे, खजुराच्या फांद्यांची, तिथे हंगामभर राहतात. रय्या थोडी लिंबं वाळवते, घरापुरतीच. बाकी डबे आता असीला भरते, तिची मुलंबाळं सांभाळून. संध्याकाळी ऊन उतरलं की मुहन्ना काठी टेकत येतो, कधी गालियाही येते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून रय्या तिच्यासाठी गादी घालून ठेवते. चौघं कहवा पितात. बोलायला फारसं काही नसतं, आणि कुणाला त्याची घाई नसते.

खल्फानला अशा वेळी बसल्या बसल्या डुलकी लागते. तोंड उघडं पडतं, माशा भोवती फिरायला लागतात. रय्या भावाशी बोलता बोलता आपल्या ओढणीचं टोक हलवत राहते, तो जागा होईपर्यंत.